खोकल्याचं दूध

मला पाचवा महिना लागला आणि सासूबाईंनी माझ्या ताटातून पांढरं बंद केलं. दूध बंद, दही बंद, ताक बंद, लोण्याचं तर नावच काढायचं नाही. घरात दोन म्हशी दुभत्या. चुलीशेजारी दुधाचं भांडं सदा झाकून ठेवलेलं, आणि त्या भांड्याच्या हाताच्या अंतरावर बसून मी वरणभात गिळत असे.

"काऊन बंद, माय?" मी विचारलं.

"पांढरं खाल्लं का लेकराच्या आंगाले चिकटते," सासूबाई म्हणाल्या. "मंग ते धुतलं तरी निंगत नाई. लेकरू चिकट येते. लोकं नावं ठेवतेत."

हा नियम त्यांच्या एकटीचा होता असं नाही. आमच्या आजूबाजूच्या गावांत बऱ्याच घरी तो पाळत. पण सासूबाई जो नियम पाळत तो काटेकोर पाळत, आणि मी पडले तोंडाळ. अजूनही आहे.

"मंग भात पांढरा नाई का?"

सासूबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "भात भात असते," त्या म्हणाल्या. "त्याले रंग नसते."

धानाच्या मुलखात भातावर बंदी घातली तर माणसानं खायचं काय, हे त्यांनाही कळत होतं. एवढं बोलून त्या सूप घेऊन पाखडायला बसल्या आणि विषय संपला.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात मोडायचा. माझं माहेर मुर्रीचं, गोंदियाच्या अगदी कडेला, त्यामुळे माझ्या बोलण्यात निम्मी हिंदी असायची आणि सासरी त्यावरून चेष्टा व्हायची. सासर गोरेगावपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. पोटापुरती धानाची शेती, घरात सासू-सासरे, थोरले दीर, थोरली जाऊ, त्यांची एक मुलगी आणि आम्ही दोघं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं ठरलं. सासूबाई जाऊबाईंना "मोठे" म्हणून हाक मारत आणि मला "लहाने". रागावल्या तरी तेच, माया आली तरी तेच. आवाजावरून ओळखायचं.

त्या थोरल्या जावेच्या मुलीमुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

पोर अडीच वर्षांची, गोड, दिवसभर बडबड करणारी. पण तिचे पाय गुडघ्यांत बाहेरच्या बाजूला वाकले होते. पावलं जोडून उभी राहिली की दोन गुडघ्यांच्या मधून मांजराचं पिल्लू आरपार जाईल एवढी फट पडायची. चालायची ती डुलत डुलत, आणि थोडं चालली की "पाय दुखून राह्यले" म्हणून बसायची. सासूबाई तिला रोज सकाळी अंगणातल्या उन्हात घेऊन तेल लावत. तेल लावून झालं की तिला उभी करत, गुडघ्यांच्या मध्ये आपली बोटं आडवी घालून बघत. चार बोटं आरामात जायची. मग तिला झबलं घालत. विचारलं तर सगळे म्हणत, मोठी झाली की सरळ होतील. जाऊबाईही तेच म्हणायच्या, पण म्हणताना दुसरीकडे बघायच्या. त्यांचं वय तेविसाच्या आसपास असेल, आणि उठायच्या त्या कंबर धरून, म्हातारीसारख्या.

माझ्या पोटातलं बाळ हालायला लागलं तशी मला रात्रंदिवस एकच चिंता लागली, की माझ्या लेकराचे पाय कसे येतील.

भाद्रपदात धानाची रोवणी उरकून शेतातल्या बांध्या हिरव्यागार झाल्या, तेव्हा माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. असे यायचे की मी ओरडत उठायची. शेवटी सासूबाई मला घेऊन बाजाराच्या दिवशी गोरेगावला निघाल्या. तिथल्या दवाखान्यात एक नर्सबाई बसत. उंच, सावळ्या, आवाज दांडगा. त्यांनी माझं पोट तपासलं, पाय दाबून पाहिले आणि विचारलं, "दूध पितेस का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

"देखो बाई," नर्सबाई म्हणाल्या, "लेकरू पोटात घर बांधून राहिलं आहे. घराला चुना लागतो की नाही? हड्डीलाही लागतो. तो तुझ्या खाण्यातून मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर लेकरू तुझ्या हड्डीतून ओढून घेतं. आणि तुझ्याजवळही पुरेसा नसला, तर त्याची हड्डी कच्ची राहते. दूध पी, दही खा. बारीक मासोळ्या काट्यासकट चावून खा. मुंगन्याचा पाला खा. आणि या गोळ्या घे, रोज जेवल्यावर."

वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून त्यांनी गोळ्या दिल्या. मी पुडी उघडून पाहिली. गोळ्या खडूसारख्या पांढऱ्याफटक होत्या.

"पांढऱ्या हायेत," सासूबाई म्हणाल्या. तेवढंच. पुडी माझ्या हातातून घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघीच मागे बसलो होतो. माझा नवरा बैल हाकत होता. मी धुमसत होते. वाटेत दुतर्फा धान वाऱ्यानं लवत होतं, बगळे बांधावरून उडत होते, आणि मला त्या बगळ्यांच्या पांढऱ्या रंगाचाही राग येत होता.

"मोठीनंबी पांढरं नव्हतं खाल्लं ना, माय? पोर पोटात होती तवा?" मी विचारलं.

"नाई. मोठी तुह्यासारखी नाई. सांगतलं का आयकते."

"मंग पोरीचे पाय तसे काऊन झाले?"

बोलले आणि जीभ चावली. पण बोलून गेलेलं काही परत घेता येत नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "देवानं देल्ले," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर पदराची गाठ सोडून त्यांनी गोळ्यांची पुडी देवाच्या फळीवरच्या डब्यात टाकली. "बाळंत झाली का खाजो," असं मला सांगितलं.

मग मी नियमाच्या आतूनच वाट काढायची ठरवलं. मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला हिरवा, त्यामुळे त्याला कोणाची आडकाठी नाही. मी पंधरा दिवसांत परसातलं मुंगन्याचं झाड असं ओरबाडलं की सासरे म्हणाले, "ह्या झाडावर टोळ बसले का काय?" पाल्याची भाजी, पाला घालून वरण, पाला घालून पिठलं. माझ्या नवऱ्यानं चार दिवस निमूट खाल्लं आणि पाचव्या दिवशी हात जोडले.

मासोळ्यांचा प्रश्न मात्र सासूबाईंच्या पुढ्यात गेला. ढिवरीण दारात टोपली घेऊन बसली होती. टोपलीत एका बाजूला काळ्या मोठ्या मासोळ्या आणि दुसऱ्या बाजूला बोटभर लांबीच्या चंदेरी, नर्सबाईंनी सांगितल्या त्या. सासूबाईंनी दोन्हींकडे पाहून निवाडा केला. काळ्या चालतील. चंदेरी पांढऱ्यांत जमा, त्या चालणार नाहीत. आता काळ्या मासोळीचे काटे जाडजूड, ते कोण चावणार? मी रडकुंडीला आले. तेव्हा ढिवरीण म्हणाली, "झिंगे घे ना वो. शिजवले का लाल होतेत." सासूबाईंनी बराच विचार केला आणि झिंग्यांना परवानगी दिली. ते मी सालासकट खाल्ले. आमच्या घरात पदार्थाचा गुण नव्हता, रंग होता, आणि त्या रंगांचा कायदा मला आता पाठ झाला होता.

दुधाला मात्र वाट सापडेना. दूध काही लाल होत नाही.

पितृपक्षात मला सर्दी झाली आणि मागून खोकला. छाती भरली, आवाज बसला. संध्याकाळी सासूबाई चुलीपुढून उठल्या आणि माझ्या हातात गरम पेला दिला. मी आत पाहिलं. हळद घातलेलं दूध होतं, वर गुळाचा खडा विरघळत होता.

"माय," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "हे दूध हाये."

"औषध हाये," सासूबाई म्हणाल्या. "अन पिवळं हाये. पी."

मी प्याले. इतक्या दिवसांनी दुधाची चव जिभेला लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्याले, तिसऱ्या दिवशीही. त्या पेल्यानं म्हणा किंवा मनाच्या समाधानानं म्हणा, खोकला तीन दिवसांत पळाला. चौथ्या संध्याकाळी सासूबाईंनी दूध तापवलं, झाकण ठेवलं आणि पेला काही माझ्याकडे आला नाही.

मी चुलीपुढे बसले होते. मी खोकले. एकदा, दोनदा, मग छातीवर हात ठेवून चांगली तिसऱ्यांदा. असला नाटकी खोकला लहान पोरालाही ओळखू आला असता. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. मग त्यांनी हात लांब करून हळदीचा डबा काढला.

तेव्हापासून मला खोकला जडला. दिवसभर मी ठणठणीत, आणि संध्याकाळी दूध तापलं की खोकला सुरू. माझा नवरा भोळा. त्यानं आठवडाभर ऐकलं आणि घाबरला. वैद्याला आणतो म्हणाला. सासूबाई धान निवडता निवडता म्हणाल्या, "राहू दे. हा खोकला वैद्याचा नाई. लेकरू झालं का आपोआप जाते."

एकदा तर कमालच झाली. दिवाळीच्या तोंडावर जाऊबाई आणि मी भिंती सारवत होतो, हात शेणामातीचे, गप्पा रंगल्या होत्या, आणि मी खोकायचं साफ विसरले. दिवेलागणीला सासूबाई पेला घेऊन ओसरीत येऊन उभ्या राहिल्या.

"लहाने, आज खोकली नाई तू?"

मी घाईघाईनं खोकले. त्यांनी पेला माझ्या हातात दिला, पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवून आत गेल्या. त्या हसत होत्या हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. सारवायचा बोळा हातात धरून त्या माझ्या पेल्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून दूध संपवलं. सगळं माझ्या सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. दुपारी जेवण झालं की सासूबाई मला गुळाचा खडा देत. काही दिवसांपासून गूळ किरकिरीत लागत होता. मला वाटलं, यंदाचा गूळच रेताड आला. एके दिवशी खडा चावला तर दाताखाली कसलातरी अर्धवट तुकडा आला. काढून पाहिला. पांढरा, खडूसारखा. कोणी बघत नाही असं पाहून मी देवाच्या फळीवरचा डबा काढला. पुडी होती, पण आत तळाला पाच-सहा गोळ्या उरल्या होत्या. बाकीच्या मी गुळातून खाऊन बसले होते.

त्या क्षणी सासूबाईंना जाऊन मिठी मारावी असं मला वाटलं. आमच्या काळात सुना सासूला मिठी मारत नसत. मी डबा जागेवर ठेवला आणि तोंडातला गूळ शेवटपर्यंत चावून खाल्ला. पुढच्या बाजाराला सासरे गोरेगावहून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत तशीच एक पुडी होती, आणि ती कोणी मागवली हे कोणी विचारलं नाही.

मग माझं लक्ष गेलं की थोरल्या जावेच्या पोरीलाही आता खोकला झाला आहे. सकाळी तेल लावून झालं की सासूबाई तिला उन्हात मांडीवर बसवून वाटीतून पिवळं दूध पाजत. पोरगी बिचारी खोकतही नव्हती. सासूबाईच तिच्या वतीनं सगळ्यांना सांगत, "पोरीच्या छातीत कफ झाला."

हे त्या लपूनछपून का करत होत्या, ते मला तेव्हा उमगलं. दूध चालतं असं त्या उघड बोलल्या असत्या, तर घरातल्या प्रत्येकाची नजर पोरीच्या पायांकडे गेली असती, आणि तिथून त्यांच्याकडे. गाडीत मी जे विचारलं होतं, ते त्या बाईनं इतके दिवस एकटीनं छातीवर वागवलं होतं. मला माझीच लाज वाटली. मी माफी मागितली नाही, तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. पण भात पांढरा आहे का, हे मी पुन्हा कधी विचारलं नाही.

पौषात, ऐन दुपारी, मला मुलगा झाला. सुईणीनं त्याला उचललं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. बाळाच्या पाठीवर, काखेत, मांड्यांच्या घडीत लोण्यासारखा पांढरा थर होता. मी बाजेवरून ते पाहिलं. झाली चोरी उघड, असंच मनात आलं.

"हे पांढरं कायचं वो?" सुईणीनं विचारलं. "दूध पेली का हे?"

"खोकला होता तिले," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाळ सुईणीच्या हातातून घेतलं, कोमट तेलात बोटं बुडवली आणि तो थर हळूहळू पुसायला लागल्या. पुसता पुसता, कोणाकडे न बघता बोलल्या, "माह्या सातही लेकराईले होतं हे. अन म्या तर ताकाचा थेंब तोंडात नव्हता घेतला."

सात वेळा नियम पाळून सात वेळा तो खोटा ठरलेला त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तरी आठव्यांदा तो थोरल्या सुनेला लावला होता. त्यांना त्या नियमावर शंका घ्यायला कोणी शिकवलंच नव्हतं.

मग त्यांनी बाळाचे पाय हातात घेऊन जोडायचा प्रयत्न केला. बाळानं ते बेडकासारखे वर ओढून घेतले.

"आता नाई समजत," सुईण म्हणाली. "सगळ्याच लेकराईचे असे असतेत. चालू लागला का मंग पाहा."

म्हणजे अजून थांबायचं होतं. मी थांबले. अंगावर पाजत होते तोवर माझा खोकला सासूबाईंनी चालू ठेवला. पोरगा वर्षाचा होऊन पावलं टाकायला लागला तेव्हा त्याचे पाय किंचित फाकलेले दिसले आणि मी दोन महिने धड जेवले नाही. नर्सबाई म्हणाल्या, इतपत सगळ्यांचे असतात, धीर धर. धीर हा माझ्या स्वभावातच नाही, तो मी त्या वर्षी जबरदस्तीनं शिकले.

दुसऱ्या वर्षीची मळणी आली. खळ्यावर धानाचे भारे पडले होते, बैल गोल फिरत होते, सगळं घर तिथंच होतं. मुलगा दोन वर्षांचा व्हायला आला होता. तो त्याच्या ताईच्या मागे धानाच्या तणसात पळत होता. सासूबाईंनी त्याला हाक मारली, समोर उभं केलं, टाचा जुळवल्या आणि गुडघ्यांच्या मध्ये बोट घालायला गेल्या. बोट गेलं नाही. त्यांनी पुन्हा घालून पाहिलं. पोराला गुदगुल्या झाल्या आणि तो निसटून पळाला.

मग त्यांनी नातीला बोलावलं. ती आता पाचव्या वर्षात होती. डुलणं पुष्कळ कमी झालं होतं, पाय दुखतात म्हणून बसणं जवळजवळ थांबलं होतं. ती आपणहून टाचा जुळवून उभी राहिली, तिला सवय होती. दोन बोटं गेली. चारांची दोन झाली होती.

जाऊबाईंना तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पाचवा महिना लागला होता. त्या खळ्याच्या कडेला सूप घेऊन बसल्या होत्या, खाली मान घालून. पांढरं बंद व्हायची वेळ आली हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्यासारखं खोटं खोकायचं त्यांना या जन्मी जमलं नसतं.

सासूबाई उठल्या आणि घराकडे गेल्या. आल्या त्या हातात पेला घेऊन. खळ्यावर सासरे होते, दीर होते, माझा नवरा होता, मळणीला आलेली शेजारची माणसं होती. त्या सगळ्यांच्या मधून चालत येऊन त्यांनी पेला थोरल्या सुनेपुढे धरला. दूध होतं. साय आलेलं, पांढरंशुभ्र.

जाऊबाईंनी आत पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. "हळद सरली का, माय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हळद हाये घरात," सासूबाई म्हणाल्या, चांगल्या मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "तू पी, मोठे."

आणि त्या तिथंच मातीत बसल्या. नातीला मांडीवर ओढलं, तिचे दोन्ही पाय आपल्या हातात घेतले आणि तिला म्हणाल्या, "तुही आजी अडानी होती व, बाई."

नातीला काही कळलं नाही. ती तणसाची काडी चावत बसली. जाऊबाई दूध पिताना रडत होत्या. मीही रडत होते, आणि मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. पेला रिकामा झाला. जाऊबाईंच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ उमटली होती. त्यांनी ती पुसली नाही. तशाच तोंडानं त्या सूप हातात घेऊन, सगळ्यांच्या देखत, धान पाखडायला लागल्या.